समोरचा दात तुटलाय? व्हिनिअर कशाचं घ्यायचं ते असं ठरवा

मालवणात आतेकडे कुर्ल्यांचं सांबारं होतं, डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी, दातानेच फोडायला गेलो आणि वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. आते म्हणाली, "थंय दगड होतो ना रे?" होता ना, ताटाच्या बाजूलाच होता. असो. पहिल्या डॉक्टरांनी तोंड नीट बघायच्या आधीच रेटकार्ड पुढे केलं, एक दात तुटलाय तर सहा दातांचं स्माईल डिझाईन करून टाकू म्हणे! तिथून उठलो, दुसरीकडे गेलो, आणि तिथे जे कळलं ते सांगतो.

मटेरियल नंतर, आधी दात किती शिल्लक आहे ते बघा. व्हिनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेला नखाएवढा पातळ पापुद्रा. तो दाताच्या बाहेरच्या कडक थराला, म्हणजे इनॅमलला, घट्ट चिकटतो, आतल्या थराला, म्हणजे डेंटिनला, तेवढा नाही. त्यामुळे कोपरा तुटलाय, डाग आहेत, दात झिजलाय किंवा फट आहे तर व्हिनिअर चालतं, पण अर्धा दात गेलाय, मोठं फिलिंग आहे किंवा रूट कॅनल होऊन दात पोकळ झालाय तर बहुतेक वेळा कॅपच लागते, तिथे कुठलंच भारी व्हिनिअर उपयोगाचं नाही. कीड आणि हिरड्यांची सूज असेल तर ती आधी निपटवा.

आता कॉम्पोझिट. फिलिंगचंच मटेरियल, डॉक्टर दातावर थर देत आकार करतात, निळ्या लाईटने कडक करतात, एका बैठकीत काम होतं. दात घासावा लागत नाही किंवा अगदी थोडा, आणि तुकडा उडाला तर तेवढाच परत लावता येतो. स्वस्तही पडतं. पण साधारण 5-7 वर्षं धरा, आणि डाग पडतात. आपल्याकडे रोज हळदीचं तिखलं, वर दिवसातून चार चहा, त्यात कोणी मिश्री लावत असेल तर कडा काळवंडणारच, मग वर्षा-दीड वर्षाने पॉलिश करून घ्यायचं.

पोर्सिलेन म्हणजे सिरॅमिक. याला डाग पडत नाहीत, चकाकी दातासारखीच येते, नीट सांभाळलं तर 10-15 वर्षं जातात. पण त्यासाठी इनॅमल साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर घासतात आणि एकदा घासलेलं इनॅमल परत येत नाही, म्हणजे पुढे आयुष्यभर त्या दातावर काहीतरी लागणारच. माप लॅबला जातं, एका फेरीत होत नाही, त्यामुळे गणपतीला चार दिवस गावी आलेल्या चाकरमान्यांनी हे काम मुंबईतच करावं. यातलं फेल्डस्पॅथिक सगळ्यात पातळ आणि सुंदर पण नाजूक. लिथियम डायसिलिकेट, ज्याला सगळे ईमॅक्स म्हणतात, ते बरंच मजबूत, दात थोडा जास्त तुटला असेल तर मी तरी हेच विचारेन. झिर्कोनिया सगळ्यात दणकट खरं, पण जरा अपारदर्शक दिसतं आणि बाकी सिरॅमिकसारखं ॲसिडने खरवडून चिकटवता येत नाही, म्हणून पुढच्या दाताच्या पातळ व्हिनिअरला "सगळ्यात मजबूत तेच सगळ्यात चांगलं" असं कोणी सांगत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा.

मार लागून दात आतून काळा पडला असेल तर पातळ पापुद्र्यातून तो काळेपणा दिसतो. तिथे आधी आतून ब्लीचिंग होतंय का विचारा, नाहीतर जाड किंवा अपारदर्शक मटेरियल घ्यावं लागतं.

रात्री दात खाता का ते घरच्यांना विचारा, आपल्याला स्वतःला कळत नाही. खात असाल तर काहीही बसवा, नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, पाहिजेच. आणि सुपारी अडकित्त्यानेच कातरा, कुर्ल्यांचं तर मी सांगायलाच नको.

रंग ठरवताना खिडकीशी दिवसाच्या उजेडात बसा, तेही काम सुरू व्हायच्या आधी, कारण तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकून पांढरे दिसतात आणि शेड चुकते. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर व्हिनिअरच्या आधी करा आणि मग दोनेक आठवडे थांबा, लगेच चिकटवलं तर पकड कमी येते, आणि बसवलेलं व्हिनिअर ब्लीचने उजळत नाही.

माझा फक्त कोपरा गेला होता, बाकी इनॅमल शाबूत, म्हणून कॉम्पोझिटच केलं, पाऊण तासात उठलो. निघताना मटेरियलचं नाव आणि शेड नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला, ए2, उद्या दुसऱ्या गावात तुकडा उडाला तर तिथल्या डॉक्टरला अंदाजाने रंग जुळवत बसायला नको.