बेस वाजवता वाजवता गायचं कसं? जॅक ब्रूसच्या एका रिफवरून

'आधी हात बसव, गाणं आपोआप येईल' हा सल्ला बेस (खर्जात वाजणारी चार तारांची गिटार) शिकणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. गाणं आपोआप येत नाही. त्याचा वेगळा रियाज करावा लागतो.

जॅक ब्रूस (1943–2014) हा ग्लासगोजवळच्या बिशपब्रिग्जचा. तो सेलो शिकला, अलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज इनकॉर्पोरेटेड या बँडमध्ये डबल बेस (उभा, मोठा बेस) वाजवायचा आणि ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये असताना बेस गिटारकडे वळला. 1966 साली गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि ड्रमवादक जिंजर बेकर यांच्यासोबत 'क्रीम' हा बँड निघाला, तेव्हा मुख्य गायकही तोच होता. मंचावर तिघंच, त्यामुळे बेस थांबला की गाण्याचा तळच जायचा. 1967 च्या 'सनशाइन ऑफ युअर लव्ह'ची रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) त्याचीच. शिकायला तीच घ्या.

1. रिफ. डी म्हणजे सा धरा. डी तारेवर पडदे 12, 12, 10, 12: सा सा, कोमल नी, सा. मग ए तारेवर 12, 11, 10: प, तीव्र म, शुद्ध म. शेवटी ई तारेवर 10, 13, 10: खालचा सा, कोमल ग, सा. पुढे हीच चाल जी (G) या सुरावर जाते.

2. मेट्रोनोम (लय धरून टिकटिक करणारं यंत्र). टिकटिक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ठेवा. दोन-चारवर ठेवा असं कुणी सांगितलं तरी इथे ऐकू नका. बेकरचा जोर या गाण्यात एक-तीनवरच आहे.

3. आवाज. अडतं ते इथे. वारकरी टाळ वाजवत अभंग म्हणतो, तेव्हा हाताला एकच ठेका धरायचा असतो. इथे हाताला स्वतःची चाल आहे आणि गळ्याला दुसरी. हात गळ्याच्या मागे ओढला जातो: ओळ लांबली की रिफही लांबते.

म्हणून गाऊ नका, बोला. सूर न लावता, निम्म्या लयीत. एक ओळ कागदावर लिहा आणि कोणतं अक्षर कोणत्या स्वरावर पडतं तिथे खूण करा. दोन स्वरांच्या मध्ये पडणारी अक्षरं वेगळ्या रंगाने लिहा. घसरतो ती तीच जागा. तेवढा तुकडाच घोळवा, पूर्ण कडवं नाही. बोलणं पक्कं झालं की मगच सूर लावा.

चुकलात तर आवाज सोडा, हात कधीच नाही. हात थांबवायची सवय लागली की ती मंचावरही येते आणि ड्रमवाला उघडा पडतो.

या गाण्यात एक सोय आहे: कडव्यात ब्रूस आणि क्लॅप्टन आलटून पालटून गातात. सुरुवातीला ब्रूसच्याच ओळी म्हणा, क्लॅप्टनच्या ओळींत नुसती रिफ वाजवत श्वास घ्या. त्या मोकळ्या जागेत हात पुन्हा लयीत येतो.

4. लय. थोडी थोडी वाढवा. उभं राहून वाजवा.

यानंतर क्रीमचंच 'पॉलिटिशियन' घ्या. लय संथ आहे, त्यामुळे अक्षर जरा लवकर पडलं तरी लगेच ऐकू येतं.