नागपुरात राहून कॉलेजच्या कम्युनिकेशन-मार्केटिंगमध्ये करिअर कसं करायचं

बरेच जण विचारून राहिले की यासाठी पुण्यालाच जावं लागते का. नाही लागत. हिंगणा रोड, वर्धा रोडनं एक चक्कर मार, किती कॉलेजं आहेत ते दिसेल, आणि वेबसाईट, ब्रोशर, पेपरातली बातमी, इन्स्टा हे सगळं सांभाळणारा माणूस प्रत्येकाला लागतोच.

डिग्रीचं टेन्शन नको घेऊ. नागपूर विद्यापीठात मास कम्युनिकेशनचा विभाग आहे, तिथून केलं तर चांगलंच, पण बीकॉमवाले पण या लाईनमध्ये येतात. त्यापेक्षा दोन सीझन ॲडमिशन काउंटरवर बस, हे मी मनापासून सांगते. बारावीचा रिझल्ट लागला की कॅप राऊंड (सरकारच्या सेंट्रल ॲडमिशनच्या फेऱ्या) संपेपर्यंत पालक येतच राहतात, कोणी भंडाऱ्याहून, कोणी गडचिरोलीहून एसटीनं, आणि प्लेसमेंटच्या आधी ते विचारतात की हॉस्टेलवर पोरगी सेफ राहील ना, फी हप्त्यानं भरली तर चालेल का, स्कॉलरशिप उशिरा आली तर काय करायचं. हे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेव. मी पहिल्या ब्रोशरमध्ये बिल्डिंगचे मोठे मोठे फोटो टाकले न फी शेवटच्या पानावर, मग पूर्ण जून महिना लोकं फोन करून फीच विचारत होते.

आकडा मात्र जपायचा. नॅकची (कॉलेजचा दर्जा तपासणारी संस्था) ग्रेड कधीपर्यंत चालू आहे ते सर्टिफिकेट स्वतः पाहूनच लिही. कोणी "१०० टक्के प्लेसमेंट" लिहायला लावलं तर आधी प्लेसमेंट सेलकडून यादी माग, किती पोरं बसली, किती लागली, आणि एकट्या टॉपरचं पॅकेज मिरवू नको, मधल्या पोराला किती मिळालं ते सांग, बापाला तेच पाहिजे असतं. कोचिंग क्लासमध्ये काम करशील तर २०२४ ची केंद्र सरकारची गाईडलाईन वाचच. सिलेक्शनची गॅरंटी देता येत नाही, आणि पोराचा फोटो त्याच्या लेखी परवानगीशिवाय लावता येत नाही, ती परवानगी पण सिलेक्शन झाल्यावर घ्यायची, ॲडमिशनच्या वेळीच सही घेऊन ठेवली तर चालत नाही.

पोर्टफोलिओसाठी जवळच्या एखाद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची प्रेस नोट कर. हितवादसाठी इंग्रजीत, लोकमत आणि तरुण भारतसाठी मराठीत, पण दोन्ही वेगवेगळ्या लिही, एकीचं भाषांतर दुसरीत नको. पोरांनी काय बनवलं ते पहिल्या ओळीत, पाहुण्यांची नावं खाली. अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच टाक, ॲडमिशन सुरू झाल्या की मुलाखत घ्यायला कोणाकडेच वेळ नसतो.