अर्धीच यादी घोकू नका
सोलापूर जिल्ह्याचे ११ तालुके पाठ करताना पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट एवढेच वारंवार आठवून म्हटले, तर माढा, मोहोळ, करमाळा उलट जास्त पुसट होतात. ‘तालुका’ म्हटलं की सगळी नावं एकदम पुढे येतात. हवं ते काढताना मेंदू बाकीची दाबतो, असं मानलं जातं. अँडरसन आणि ब्यॉर्क दांपत्य या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हा परिणाम प्रयोगातून दाखवला. नुसत्या वाचनाने सहसा असं होत नाही, न बघता आठवण्याने होतं. (पण म्हणून वाचतच बसू नका, आठवणं तरीही सरस.) उजळणीत अकराही नावं घ्या, सुरुवात दरवेळी वेगळ्या नावाने. शिवाय नकाशावर शेजार जोडा: करमाळ्याला लागून माढा, माढ्याला पंढरपूर, पंढरपूरला सांगोला. एकमेकांत गुंफलेली नावं कमी दबतात.