रात्री पाइप फुटला तर प्लंबरच्या आधी व्हॉल्व्ह

रात्री दीडला बाथरूममधून फसफस आवाज आला. गीझरला पाणी नेणारी कनेक्शन पाइप तोंडाशी फाटली होती आणि पाण्याची धार समोरच्या टाइल्सवर आदळत होती. मी काय केलं? मोबाइल घेऊन प्लंबरांना फोन लावत बसलो. पाच फोन, एकानेही उचलला नाही. तोवर पाणी बेडरूमचा उंबरा ओलांडून आत आलं. शेवटी बायकोने गीझरखालचा कॉक फिरवला आणि सगळं थांबलं. गीझर बसवला त्या दिवशी ती घरी होती, मी ऑफिसात.

पहिलं काम: पाणी बंद

जवळून लांब असं शोधत जा. बेसिनखाली, फ्लश टाकीखाली, गीझरखाली बहुतेक घरांत अँगल कॉक असतो. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की बंद. गळती त्याच्या अलीकडे, म्हणजे भिंतीच्या बाजूला असेल, तर पूर्ण लाइनचा व्हॉल्व्ह शोधा. तो बाथरूममध्ये दाराच्या वर किंवा खिडकीबाहेरच्या डक्टमध्ये असतो. दांडीवाला व्हॉल्व्ह असेल तर दांडी पाइपला आडवी झाली की बंद. चाकीचा असेल तर बरेच वेढे द्यावे लागतात. वर्षानुवर्षं न फिरवलेली चाकी जाम असते, तिला पान्याने हिसका देऊ नका. आतली दांडी तुटली तर पाणी बंद करायचा तो एक मार्गही जातो. थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत सोडवा.

तेही जमलं नाही तर गच्ची. टाकीतून खाली उतरणाऱ्या पाइपांची रांग असते आणि आपली कुठली ते कुणालाच माहीत नसतं. किचनची आणि बाथरूमची लाइन वेगळी असू शकते, हेही लक्षात ठेवा. वॉचमनला बरोबर घ्या. ओळखू आलं नाही तर अख्ख्या विंगचं पाणी बंद करा. रात्री दोनला कुणाला कळतही नाही, फक्त ग्रुपवर ‘बी विंगचं पाणी सकाळपर्यंत बंद’ एवढं टाका. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी गावाला, असा प्रकार बऱ्याच सोसायट्यांत असतो. एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये हवीच. नळाला थेट महापालिकेचं पाणी असेल तर मीटरजवळचा कॉक बंद करा. नाहीतर पहाटे पाणी आलं की पुन्हा तोच खेळ सुरू होतो.

व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर त्याच लाइनवरचे बाकीचे नळ सोडा, म्हणजे फुटलेल्या जागेचा जोर कमी होतो. शिवाय त्या जागी जुना टॉवेल गुंडाळून त्याचं टोक बादलीत सोडा. पाणी कापडावरून मुकाट उतरतं, उडत नाही.

वीज आणि खालचे शेजारी

पाणी स्विचबोर्डाजवळ किंवा छताच्या दिव्यात झिरपत असेल तर मेन बंद करा. डीबीपाशीच, म्हणजे मेन स्विचच्या पेटीपाशीच पाणी साचलं असेल तर त्यात उभं राहून हात लावू नका, खाली मीटररूममधून बंद करायला सांगा. गीझर तर लगेच बंद. त्याची टाकी रिकामी झाली आणि तो चालू राहिला तर आतली कॉइल जळते. नंतरही गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्याशिवाय चालू करू नका. पाणी लिफ्टच्या दिशेने वाहत असेल तर लिफ्ट थांबवायला सांगा.

मग खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा. संकोच वाटतो, पण सकाळी त्यांनी फुगलेलं सिलिंग घेऊन वर येण्यापेक्षा हे बरं.

प्लंबर आत्ता हवा की सकाळी?

पाणी थांबलं असेल तर बहुतेक वेळा सकाळीच. कारण साधं आहे: हार्डवेअरचं दुकान बंद असतं. रात्री आलेला प्लंबर त्याच्या पिशवीत असेल तेवढंच करतो, म्हणजे सहसा डमी प्लग (पाइपचं तोंड बंद करणारं बूच) लावतो आणि सकाळी परत येतो. पैसे दोनदा. सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपचा जोड चिकटवला तरी तो वाळेपर्यंत पाणी सोडता येत नाहीच.

थांबता येत नाही ते हे: व्हॉल्व्ह बंदच होत नाही, घरात आजारी माणूस आणि संडास एकच, किंवा चेंबर तुंबून घाण पाणी नहाणीतून वर येतंय. या शेवटच्या प्रकारात तुमचा व्हॉल्व्ह काही कामाचा नाही. वरच्या मजल्यांना पाणी वापरणं थांबवायला सांगा. नहाणीत ॲसिड ओतू नका. तुंबलेल्या पाइपात ते तसंच राहतं आणि सळई घालणाऱ्याच्या अंगावर उडतं.

फोन कुणाला, काय सांगायचं

आधी वॉचमन, मग सोसायटीचा नेहमीचा प्लंबर, मग शेजाऱ्यांचा ग्रुप, मग प्लंबर पाठवणारं ॲप. नेटवर शोधून मिळालेला ‘२४ तास सेवा’वाला नंबर सगळ्यात शेवटी. तो आधी पैसे पाठवा किंवा अमुक ॲप टाका म्हणाला तर फोन ठेवा. रस्त्यावरची लाइन फुटली असेल तर काम महापालिकेचं. मुंबईत त्यासाठी १९१६.

प्लंबरला ‘पाणी गळतंय, लवकर या’ सांगून उपयोग नाही. असं सांगा: “तिसरा मजला, लिफ्ट आहे. गीझरची इनलेट पाइप फुटलीय, अर्ध्या इंचाची. कॉक बंद केलाय, थेंब थेंब येतंय. व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. यायचे किती आणि कामाचे किती?” म्हणजे तो नेमकी वस्तू घेऊन निघतो आणि दारात भावावरून वाद होत नाही.

तोवर घरगुती टाका

उघड्या पाइपला बारीक चीर असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी कापा, ताणून एकावर एक वेढे द्या, वरून तारेने किंवा क्लिपने आवळा. वाहत्या पाण्यावर एम-सील चिकटत नाही. पाणी बंद, पाइप कोरडा, मगच ते मळून लावा. आटे गेलेल्या नळावर टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळलं तरी तो रात्रभर टिकेल याची खात्री नाही.

आमच्याकडे आता बुटांच्या खोक्यात अर्ध्या इंचाचे दोन डमी प्लग, एक कनेक्शन पाइप, चार वायसर, टेफ्लॉन, ट्यूबची पट्टी, पाना आणि टॉर्च असतो. कनेक्शन पाइप फाटली की ती काढून कॉकच्या तोंडाला डमी बसवायचा. दहा मिनिटांचं काम आहे, मी दोनदा केलंय.

आणि गच्चीवरच्या आमच्या व्हॉल्व्हवर लाल नेलपेंटने ‘३०२’ लिहिलंय. ते पाहून वॉचमन म्हणाला, “साहेब, बाकीच्यांचं पण लिहू का?” अख्ख्या विंगला दोन बाटल्या लागल्या.