रिबूटवरच्या चर्चेत टीका आणि पूर्वग्रह वेगळे कसे करावेत

गाजलेल्या चित्रपटमालिकेचे रिबूट होते, म्हणजे जुने कथानक पुढे न नेता तेच विश्व नव्या नटसंचासह मुळापासून पुन्हा उभे केले जाते, तेव्हा प्रेक्षकांचा रोष बहुधा पहिल्या खेळाच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. कुडाळ-सावंतवाडीपासून रत्नागिरी-चिपळूणपर्यंत वाचनालयाच्या सभागृहात किंवा महाविद्यालयात चित्रपट दाखवून त्यावर बोलणे घडवणाऱ्यांना हा रोष टाळता येत नाही आणि टाळूही नये. मात्र त्यात रास्त टीका किती आणि पूर्वग्रह किती, हे वेगळे काढण्याची तयारी खेळाच्या आधीच करावी लागते.

सर्वप्रथम आक्षेप केव्हाचा आहे ते नोंदवून घ्यावे. प्रवेश करतानाच प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी, नव्या चित्रपटाबद्दल काय खटकते ते एका वाक्यात लिहायला सांगावे, चिठ्ठ्या पाकिटात बंद कराव्यात आणि खेळ संपल्यावर ज्याच्या त्याच्या हाती परत द्याव्यात. जेम्स बाँडच्या भूमिकेसाठी डॅनियल क्रेगचे नाव २००५ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले, तेव्हा त्याच्या सोनेरी केसांवरून आणि उंचीवरून गदारोळ झाला आणि बहिष्काराचे संकेतस्थळही निघाले. पण ‘कॅसिनो रॉयल’ पडद्यावर आला तो २००६ च्या नोव्हेंबरात. त्या वर्षभरात या भूमिकेतल्या त्याच्या अभिनयाबद्दल प्रेक्षकांना काही ठाऊक असणे शक्यच नव्हते. पुढे त्याने २०२१ पर्यंत पाच चित्रपटांत ही भूमिका केली.

चर्चेसाठी सर्वांत उपयोगी उदाहरण २०१६ च्या ‘घोस्टबस्टर्स’चे आहे, कारण त्यात दोन्ही बाजू चुकल्या. मूळ चित्रपट १९८४ चा. नव्यात भुते पकडणाऱ्या चारही प्रमुख भूमिका स्त्रियांना दिल्या होत्या. मार्चमध्ये ट्रेलर येताच त्यावर डिसलाइकचा पाऊस पडला आणि जुलैत चित्रपट लागल्यावर लेस्ली जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीवर ट्विटरवर इतकी वर्णद्वेषी चिखलफेक झाली की तिने काही काळ तिथून काढता पाय घेतला. हा निव्वळ द्वेष होता, त्याला टीका म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्याच वेळी विनोद लांबले आहेत, शेवट संगणकीय करामतींखाली दबला आहे, असे सांगणारे प्रेक्षकही होते आणि त्यांनाही त्याच माळेत ओवून गप्प करण्यात आले. सुमारे १४.४ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २२.९ कोटी डॉलर मिळवले, पण प्रसिद्धीचा खर्च आणि चित्रपटगृहांचा वाटा धरता ते पुरेसे नव्हते. या अपयशाचे खापर फक्त द्वेष्ट्यांवर फोडणे मला पटत नाही. अशा वेळी सूत्रधाराने विचारावे की हीच भूमिका, हेच संवाद पुरुषाने म्हटले असते तर हा आक्षेप टिकला असता का? लांबलेला विनोद तेव्हाही लांबलेलाच राहतो, ‘बायका कशाला’ हे मात्र उरत नाही.

हा प्रश्न सिंधुदुर्गात समजावून सांगणे तर सोपे आहे. जत्रेतल्या दशावतारात आख्यान सर्वांना पाठ असते, संवाद नट आयत्या वेळी रचतात आणि परंपरेने द्रौपदी पुरुषच साकारतो. स्त्रीपार्टी नटाला पहाटेपर्यंत दाद देणारा रसिक पडद्यावरच्या अदलाबदलीला अस्वाभाविक म्हणू लागला, तर त्याला आपल्याच अंगणातले उदाहरण दाखवावे. ट्रिकसीनमुळे, म्हणजे रंगमंचावरच्या चमत्कारांच्या यांत्रिक करामतींमुळे, मूळ खेळाची रया जाते अशी त्याच जत्रेतल्या जाणत्यांची तक्रार असते, आणि ती पूर्वग्रह म्हणून झटकून टाकू नये, कारण ती समोर पाहिलेल्या गोष्टीबद्दल आहे.

‘केवळ पैशासाठी काढला’ हा आक्षेप हमखास येतो. त्यावर फार वेळ घालवू नये. मूळ चित्रपटही कोणी धर्मादाय काढलेला नव्हता.

संकेतस्थळांवरचे गुण पुरावा म्हणून मांडू देऊ नयेत. न पाहताच शेरे मारण्याचा प्रकार वाढल्यावर ‘रॉटन टोमॅटोज’ने २०१९ मध्ये प्रदर्शनापूर्वीच्या प्रेक्षक-प्रतिक्रिया बंद केल्या आणि तिकीट काढल्याची खातरजमा झालेल्यांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली. २०२३ च्या ‘द लिटल मर्मेड’च्या वेळी मतदानात असाधारण हालचाल दिसत असल्याची सूचना आयएमडीबीला लावावी लागली. यूट्यूबने तर २०२१ पासून डिसलाइकचा आकडाच झाकला आहे.

मूळ चित्रपट त्याच दिवशी आधी दाखवू नये. तो दाखवला की प्रेक्षक नव्यातला प्रत्येक प्रसंग जुन्याशी ताडून पाहू लागतात आणि चर्चा फरकांच्या यादीत अडकते. आठवडाभर आधी किंवा चर्चेनंतर दाखवलेला बरा. लहानपणी व्हिडिओवर पाहिलेल्या चित्रपटावरची माया बोलून दाखवणाऱ्याला मात्र अडवू नये, ती माया हा दोष नव्हे. नटाच्या रंगावर, शरीरावर किंवा जातीवर कोणी घसरला तर वाद न घालता ‘कोणता प्रसंग खटकला?’ एवढेच विचारावे, आणि प्रसंग सांगता आला नाही तर ध्वनिक्षेपक पुढच्या माणसाकडे द्यावा.