कॅम्पर व्हॅनची बॅटरी खरंच गेली का?

कॅम्परमध्ये बहुधा दोन बॅटऱ्या असतात. आतले दिवे-फ्रिज चालू आहेत म्हणून इंजिनाची बॅटरी ठणठणीत असेलच असं नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिनाच्या बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा: लेड-अ‍ॅसिड बॅटरीला १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. (लिथियमला हे आकडे लावू नका.)

आकडा चांगला, तरी स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत नाही? कुणालातरी चावी फिरवायला सांगा. ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरी आतून संपलीय. आकडा हललाच नाही आणि नुसतं ‘टक’ वाजलं, तर टर्मिनलवरची (बॅटरीला वायर जोडतात त्या टोकांवरची) पांढरी-हिरवी पूड नि ढिला नट बघा. निम्म्या वेळा तिथेच घोडं अडतं. जंपस्टार्टनंतर (दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर गाडी सुरू केल्यावर) चालू इंजिनावर साधारण १४ व्होल्ट दिसत नसतील, तर अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा भाग) तपासून घ्या, नाहीतर नवी बॅटरीही चार दिवसांत बसेल.