‘पापी’ म्हणजे आजोबा: एक फ्रेंच सिनेमा घरच्यांना दाखवताना

मागच्या दिवाळीत आईबाबांना ‘पापी फे द ला रेझिस्तांस’ हा १९८३चा विनोदी सिनेमा दाखवला. थोड्याच वेळात बाबांनी विचारलं, “अरे, पण हे लोक त्या जर्मनाला घरात घेतातच कशाला?” काही न सांगता सिनेमा लावला, ही माझी चूक. तुम्ही ती करू नका.

आधी पाच मिनिटं बोला. नावातला ‘पापी’ म्हणजे आजोबा आणि ‘रेझिस्तांस’ म्हणजे जर्मनांविरुद्धचा फ्रेंचांचा छुपा लढा, हे पहिल्यांदा सांगून टाका. मग इतिहास: जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि ऑगस्ट १९४४ पर्यंत शहर त्यांच्या ताब्यात राहिलं. अधिकाऱ्यांना राहायला चांगली घरं सरळ ताब्यात घेत. बुर्देल हे गाण्याबजावण्यातलं घराणं. त्यांच्या हवेलीत एक जर्मन जनरल मुक्कामाला येतो आणि घरची माणसं तळघरात जातात. पाहुणा बोलावलेला नाही आणि त्याला जा म्हणायची सोय नाही. हे मनात ठेवून बघितलं की प्रत्येक नमस्कार-चमत्काराला धार येते.

पात्रं खूप आहेत, पण दोघांची ओळख आधी करून द्याच. जनरल सभ्य आहे, घरातल्या मुलीवर त्याचा जीव जडतो. त्याला खलनायक समजून बसलात तर निम्मी गंमत जाईल. खरा त्रास आहे तो रामिरेझचा. हा पूर्वी ऑपेराचा दरवान, आता गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा माणूस. बुर्देलबाईंवरचा जुना राग तो आता नव्या अधिकाराने काढतो. असा माणूस आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो.

जॅक व्हिल्लरे हा नट हिटलरचा सावत्र भाऊ होऊन गायला उभा राहतो, तिथे सिनेमा थांबवा. स्पॅनिश गायक हुलिओ इग्लेसियासचं ‘ज ने पा शांजे’ मिनिटभर ऐकवा, मग पुढे चला. हे गाणं युद्धानंतर कितीतरी वर्षांनी आलेलं, आणि इथे ते जर्मन उच्चारांत, अगदी गळा काढून म्हटलंय. सबटायटलमध्ये यातलं काहीच उतरत नाही. आईला मूळ चाल कानात बसल्यावर इतकं हसू आलं की चहा खाली ठेवावा लागला.

गोष्ट संपल्यासारखी वाटली तरी टीव्ही बंद करू नका. शेवटी सिनेमातलीच माणसं टीव्हीच्या स्टुडिओत चर्चेला बसतात. आधी सिनेमा, मग चर्चा असा कार्यक्रम फ्रेंच टीव्हीवर खरोखरच होता. प्रत्येकाला आपणच शूर ठरायचं असतं, आणि बोलिव्हियाहून आलेला रामिरेझचा मुलगा बाप निर्दोष असल्याचं सांगत भांडतो. बोलिव्हियाच का, हेही घरच्यांना सांगा: लियाँचा गेस्टापो अधिकारी क्लाउस बार्बी तिथेच लपला होता आणि त्याला फ्रान्समध्ये आणलं ते फेब्रुवारी १९८३ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी. हे कळल्यावर बाबांनी तेवढा भाग पुन्हा लावायला लावला.